चाबी काढल्यावरचा पंखा

२९ मार्च

लिहायला बसले की शाळेतली मराठी येते आणि राग आला की घरची. म्हणजे इथे दोन्ही येणार, कारण मला राग रोज येतो.

गाडी आली. पांढरी, सेकंडहँड, पिवळ्या पाटीची, माझ्या नावावर. कागद करताना एजंटाने विचारलं, "चालवणार कोण?" म्हटलं, मी. "नाही, म्हणजे ड्रायव्हर कोण?" म्हटलं, "भाऊ, मीच. माह्या हातापायाले काय धाड भरली?" तेव्हा कुठे त्याने मान खाली घालून सही घेतली.

काम ठरलेलं आहे. ज्योत्स्ना मॅडम आणि त्यांच्या दोन मैत्रिणी राहतात आमच्या अमरावतीत आणि शिकवतात अकोल्याच्या एका कॉलेजात. परीक्षेच्या ड्युट्यांच्या वेळा रेल्वेशी जुळत नाहीत, म्हणून मे महिन्यापर्यंत मी त्यांना न्यायचं, आणायचं. नीट जमलं तर जूनपासून वर्षभर माझीच गाडी. नाही जमलं तर मी परत झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी. तिथे उभं राहून राहून माझे पाय गेले आहेत, तिकडे मी जाणार नाही. लिहून ठेवते.

मला गाडी शिकवली माझ्या सासऱ्यांनी. मोतीराम बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते, सारा मेळघाट त्यांनी पायाखाली, म्हणजे चाकाखाली घातलेला. आज बाबासाहेबांचा छोटा फोटो त्यांनी स्वतः डॅशबोर्डवर चिकटवला आणि मला म्हणाले, "चाल, बडनेऱ्यापर्यंत जाऊन येऊ." गेलो. बाबा खूश. परत आलो, मी चाबी काढली, आणि नेमका मॅडमचा फोन आला. मी फोनवर बोलून राह्यली, तर बाबा बोनेटजवळून हाका मारतात. "दीपा, चाबी काढली तरी पंखा फिरूनच राह्यला वं. बॅटरी खाईन ना हा!" मी म्हटलं, "बाबा, ते कम्प्युटरचं असते, तुमच्या जीपीसारखं नाही. तुमी नका त्यात डोकं लावू." मग ते पंखा थांबेपर्यंत बोनेटला कान लावून उभे राहिले. किती ती हौस.

६ एप्रिल

आज अकोल्यात माझा तमाशा झाला.

परीक्षेची वेळ बदलल्याचा मॅडमचा मेसेज मी उठल्यावर पाहिला. उजाडायच्या आत निघावं लागलं. बाबा आंघोळीला गेलेले, त्यांना सांगायलाही वेळ नव्हता. हायवेला गाडी मस्त पळाली, मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. अकोल्यात शिरलो, सिग्नलवर थांबलो, आणि एसीतून गरम हवा यायला लागली. पाहते तर काटा वर चढतोय. मग लाल दिवा. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि बोनेट उचललं.

झालं! बोनेट उघडं आणि शेजारी बाई म्हटल्यावर रिकामटेकडे गोळा व्हायला किती वेळ लागतो? एक म्हणे, "मॅडम, क्लचवर पाय ठेवता काय?" दुसरा म्हणे, "लेडीज चालवत असली की गाडी गरमच होते." तिसरा तर रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. त्याचा हात मी धरला, नाहीतर उकळत्या पाण्याने थोबाड भाजून घेतलं असतं, आणि मग म्हणाला असता, बाईने भाजलं. त्यांच्यातल्या एकाने तरी गाडीत बसलेल्यांना पाणी विचारावं की नाही? नाही. सगळ्यांना फक्त अक्कल वाटायची होती, आणि ती यांच्याजवळ भाराने असते.

मॅडम ऑटोने गेल्या. पोचायला उशीर झाला. मी गाडी निवेपर्यंत रस्त्यातच उभी.

घरी आल्यावर मी चहाही घेतला नाही, सारं घर डोक्यावर घेतलं. स्वप्निल, आमचे हे, म्हणाले, "सेकंडहँड आहे, चालायचंच." बाबांनी मात्र लगेच बादली उचलली आणि गाडी धुवायला गेले. या घरात माझी बाजू घेणारा एकच माणूस आहे.

७ एप्रिल

प्रीतमकडे गाडी नेली. बडनेरा रोडला त्याचं गॅरेज आहे. चांगला म्हणतात, पण आज मला तो चांगला वाटला नाही.

गाडी चालू ठेवून तो हाताची घडी घालून उभा. काटा मधोमध आला, अन् पंखा घर्रकन सुरू. थोड्या वेळाने बंद. पुन्हा सुरू. म्हणे, "वहिनी, सगळं बरोबर हाये."

"बरोबर हाये तं मग काल काय मी सपन पाह्यलं?"

मग त्याने मला समजावलं, ते मात्र नीट समजावलं. इंजिनाच्या पाण्यात एक सेन्सर बुडवलेला असतो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. थंड असला की तो विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. त्यावरून कम्प्युटरला कळतं पाणी किती तापलं. एका हद्दीच्या वर गेलं की कम्प्युटर रिलेला सांगतो, रिले पंख्याला वीज देतो. पाणी निवलं की पंखा बंद. गाडी पळते तेव्हा समोरची हवाच पुरते, पंख्याची खरी गरज उभ्या गाडीला. आणि गाडी बंद केल्यावरही इंजिनाच्या पोटात आग असतेच, म्हणून ही गाडी मिनिट दोन मिनिटं पंखा फिरवत ठेवते.

"काल पंखा फिरत होता का?" त्याने विचारलं.

आता त्या हॉर्नच्या गलबल्यात मला काय ऐकू येणार? मी म्हटलं, तुझं काम तू मला काहून विचारतोस? तो हसला. मला हसणाऱ्या माणसाचा फार राग येतो.

११ एप्रिल

रोज जाणं-येणं चालू आहे. भर दुपारी अकोल्याची भट्टी पेटलेली, रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, आणि गाडी? थंडगार! काटा हलत नाही. अन् त्या दिवशी पहाटेच्या गारव्यात तापली. अशी उलट्या काळजाची गाडी मी पाहिली नाही.

बाबा हल्ली माझ्या आधी उठून गाडीपाशी असतात. मी म्हटलं, बाबा, झोपा ना जरा. तर म्हणाले, "तू उद्या किती वाजता निघशीन? सांगून निघत जाय मले." मी म्हटलं, आता या वयात तुम्हाला माझी एवढी काळजी. डोळे भरून आले.

१४ एप्रिल

जयंती. बाबा पांढऱ्या शुभ्र कपड्यात. गाडीला निळा झेंडा लावला आणि इर्विन चौकात गेलो. कालच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नऊला निघायचं. ती गर्दी, ते ढोल, गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. मी सारखी काट्याकडे पाहते, पण आज काही नाही. पंखा सुरू होत होता, बंद होत होता. बाबा मिरवणूक सोडून बोनेटकडेच पाहत होते. घरी आल्यावर मी चाबी काढायच्या आत बाबा दार उघडून उतरले. मी म्हटलं, बाबा, जेवून घ्या आधी! ऐकतील तर शपथ.

२२ एप्रिल

डोकं तापून राह्यलं माहं, इंजिनापेक्षा जास्त. तरी लिहिते.

आज ड्युटी नव्हती. सकाळी भाजी वगैरे आणून मी गाडी दारात लावली होती. दुपारी जेवून बसले तर मॅडमचा फोन: एक सुपरवायझर आजारी पडली, आत्ताच्या आत्ता निघायचं. बाबा आत झोपलेले. मी चप्पल घातली अन् निघाली.

बोरगाव मंजूच्या अलीकडे एक ट्रक आडवा पडलेला. गाड्यांची ही रांग! ऊन असं की आरशाकडे पाहवत नव्हतं. एसी गरम, काटा वर, लाल दिवा. पुन्हा तेच! मी गाडी बंद केली, काचा उघडल्या, आणि तीन शिकलेल्या, पन्नाशीच्या बाया ओढण्यांनी वारा घेत बाभळीच्या विरळ सावलीत उभ्या राहिल्या. एका मॅडमला चक्कर आली. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. इंजिनासाठी ठेवलेलं पाणी होतं ते.

मागच्या ट्रकचा क्लीनर येऊन म्हणाला, "पंखा डायरेक्ट करून टाका ना. आमच्याकडे सगळे तसंच करतात." हो, इकडे सगळ्यांना हाच एक उपाय माहीत. सेन्सर गेला उडत, कम्प्युटर गेला उडत, चाबी फिरवली की पंखा फिरला पाहिजे. वर इंजिनाचं पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅटही काढून फेकायचा, कारण "आपल्या वऱ्हाडात गरमीच एवढी." अरे, मग डोकंही काढून फेका, गरमीच आहे ना!

रांग हलल्यावर कसंबसं पोचलो, तर ज्योत्स्ना मॅडमला प्राचार्यांनी लेखी विचारलं, उशीर का झाला. परत येताना त्या मला सरळच म्हणाल्या, "दीपमाला, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण पुन्हा असं झालं तर मला जूनचा विचार करावा लागेल. तुमच्या गल्लीतला कुलदीप नवीन गाडी घेऊन भेटला होता."

कुलदीप! कालपर्यंत माह्या दारातून "वहिनी, टायर तपासू का" म्हणत जात होता. आता कळलं टायर का तपासायचे होते.

२३ एप्रिल

प्रीतमशी भांडले. चांगली भांडले, शेजारचा रसवंतीवाला चरक थांबवून ऐकत होता. मी म्हटलं, तुले येत नसन तं तसं सांग.

तो भडकला नाही. त्याने सेन्सरची वायर काढली, तोच पंखा पूर्ण जोरात भणाणला. "पाह्यलं? सेन्सर गप्प बसला की कम्प्युटर घाबरते. त्याले वाटते, काय माहीत पाणी किती तापलं, पंखा चालूच ठेवा. म्हणजे सेन्सर गेला तरी तुमची गाडी तापणार नाही. तापली याचा अर्थ पंखाच फिरला नाही. अन् माह्याकडे आली की फिरते." मग म्हणाला, "आता तापली की आहे तिथेच उभी करा. मले फोन करा. मी येईपर्यंत बोनेटले कोणाले हात लावू देऊ नका. घरच्यायलेही नाही."

घरच्यांनाही नाही, म्हणे! याला वाटते माझ्या घरी चोर राहतात. पैसा माझा, मनस्ताप माझा, आणि वर संशय माझ्याच माणसांवर.

२८ एप्रिल

स्वप्निल म्हणाले, विकून टाक. मी म्हटलं, तुमची पतसंस्थेतली खुर्चीही डगमगते, ती विकली का? दोन दिवस अबोला आहे.

बाबा जेवत नाहीत नीट. अर्धी भाकर टाकून उठतात. विचारलं तर म्हणतात, उन्हाने. पूर्वी रोज संध्याकाळी मला मेळघाटातल्या घाटांच्या गोष्टी सांगायचे, तेही बंद. आज दुपारी काहीतरी सांगायला आले होते. "दीपा, त्या पंख्याचं..." एवढं म्हणाले. मी म्हटलं, बाबा, पंख्याचं नाव नका काढू, माझं डोकं भणभणतं. ते गेले. मला माणसाच्या तोंडून पंखा हा शब्दच ऐकायचा नाही.

३ मे

सापडलं! सापडलं! मला माहीतच होतं!

संध्याकाळी दारात गाडी लावून मी स्वयंपाकाला लागले होते. ज्योत्स्ना मॅडम नागपूरहून येत होत्या, त्यांचा फोन आला, बडनेऱ्याला उतरते, न्यायला येता का. मी कणकेचे हात धुतले आणि पळाली. परतताना रेल्वे पुलापाशी गाड्यांची गर्दी, आणि काटा वर. मी गाडी बाजूला केली अन् प्रीतमला फोन केला. दोघी खाली उतरून उभ्या राहिलो. मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या. मी बोनेटसमोर अशी उभी राहिले की कोणाची हिंमत झाली नाही पुढे यायची.

प्रीतम मोटारसायकलवर आला, बोनेट उघडलं, मोबाईलचा उजेड आत पाडला. आणि मला बोलावलं. पंख्याच्या मोटारीला वीज देणारा जो कपलर असतो, म्हणजे वायरीच्या टोकाची ती प्लास्टिकची पिन, ती सुटून लोंबत होती.

"हे आपोआप निघत नाही, वहिनी. याले खटका असते. खटका दाबून ओढलं तरच निघते. हे कोणीतरी काढलं."

त्याने कपलर बसवला. चाबी फिरवली, तोच पंखा फिरायला लागला. सेन्सर बिचारा ओरडून ओरडून सांगत होता, कम्प्युटर वीज पाठवत होता, आणि पुढे वाटच तोडलेली.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आमच्या गल्लीत गाडीतलं कोणाला कळतं? जूनच्या कामावर कोणाचा डोळा आहे? उद्या पाहते त्याच्याकडे.

४ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. नंतर मला ते वेगळं आठवायला नको.

सकाळी कुलदीप गाडी पुसत होता. मी गेली अन् त्याच्या हातातलं फडकं हिसकून फेकलं. जे तोंडात आलं ते बोलली. बाईच्या पोटावर पाय देतोस, रात्री-बेरात्री दुसऱ्याचं बोनेट उघडून कपलर काढतोस, नव्या गाडीची मस्ती आली काय. तो पहिले हसला, मग त्याचं तोंड उतरलं. "वहिनी, मी कायले काढू? माहा पंखा तं मी गॅरेजातून डायरेक्ट करून आणला, मले कपलर कुठी असते तेही माहीत नाही." त्याची आई माणिकबाई दारात येऊन रडायला लागली, की माह्या लेकरावर आळ घेते. सगळी गल्ली बाहेर. मी म्हटलं, आता पोलीस चौकीतच बोलू. मी निघालीच होती.

"त्या पोराले सोड, दीपा."

मागे बाबा. अंगात बनियन, पायात चप्पल नाही.

"कपलर मी काढतो."

मला वाटलं, भांडण मिटवायला म्हणतात. मी म्हटलं, बाबा, तुम्ही घरात जा. ते गेले नाहीत. सगळ्यांसमोर उभे राहून सांगितलं. गाडी दारात आली, पंखा फिरत राहिला की त्यांचा जीव खालीवर होई, बॅटरी उतरते म्हणून. खटका दाबून कपलर काढून ठेवत. मी निघायच्या आधी लावून देत. "तू सांगून निघाली का लावून ठेवो मी. न सांगता निघाली का..." 

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्या गल्लीसमोर माझ्या सासऱ्यावर ओरडले. "महिनाभर मी मरून राह्यली, अन् तुमी गप्प? मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. तू म्हणे, डोकं नका लावू."

मी असं कधी म्हणाले? मला नाही आठवत. मी बाबांना असं तोडून बोलणारच नाही. म्हटलंच असेल तर घाईत म्हटलं असेल.

घरात आल्यावर ते खाली भिंतीला टेकून बसले. मी उभीच. स्वप्निल पाणी घेऊन आले, कोणीच प्यायलं नाही. मग बाबांनी सांगितलं. हे त्यांनी मेळघाटच्या गोष्टींत कधीच सांगितलं नव्हतं.

"चिखलदऱ्याले गेलतो साहेबाले घेऊन. थंडीचे दिवस होते. मीटिंग चालू, मी दिवे बंद कराचे इसरलो. बॅटरी उतरली. साहेब बाहेर आला, त्याची बायको, पाहुणे, सारेच. त्या साऱ्यायसमोर साहेब म्हणे, तुमा लोकायच्या हाती मशीन द्यायलेच नाही पायजे होती." बाबांनी बनियनने तोंड पुसलं. "मग मले एकट्याले जीप ढकलाले लावली. चढावर. ते सारे पाहत उभे होते. त्याच्यानंतर माही गाडी एकही दिवस बंद नाही पडली, दीपा. पण ते बोलणं नाही गेलं. मले वाटलं, बॅटरी उतरून तू रस्त्यात बंद पडली, तं तुले असं कोणी बोलू नये. बाईच्या हाती मशीन द्यायलेच नाही पायजे, असं."

अन् त्यांच्याचमुळे मला सगळे नेमकं तेच बोलले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. मला बाबांचा राग आला होता, तो तर होताच, पण तो आता कुठेच ठरेना. तो साहेब कोण, कुठला, जिवंत आहे की मेला, काही माहीत नाही. त्याचं पेन्शन घरपोच आलं असेल. नातवंडांना चिखलदरा दाखवायला नेलं असेल. आणि त्याने फेकलेला एक शब्द इतकी वर्षं आमच्या घरात राहिला, आणि यंदा माझ्या इंजिनात येऊन बसला. ह्या रागाचं मी काय करू? कोणाच्या दारात जाऊन फडकं हिसकू?

५ मे

झोप नाही. एकच विचार. गाडीला तेवढी अक्कल आहे, सेन्सर गप्प झाला की पंखा घाबरून फिरायला लागतो. बाबा महिनाभर गप्प होते, अर्धी भाकर टाकून उठत होते. आमच्यापैकी कोणाचं काय फिरलं?

७ मे

कुलदीपकडे गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी, जायलाच हवं होतं. माणिकबाईंच्या पाया पडले. कुलदीपला म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, होते असं." इतक्या मोठ्या मनाने म्हणाला की मला पुन्हा राग आला. जरा भांडला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

९ मे

बाबांना घेऊन प्रीतमकडे गेले. ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, ज्याने बिघडवलं त्याने येऊन समजून घ्यायचं, माफी नाही. मी स्टुलावर बसून राहिले, दोघांमध्ये तोंड घातलं नाही. मला ते फार जड गेलं.

प्रीतमने सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाबांनी चष्मा लावून सेन्सर पाहिला, रिले पाहिला, वायरीवरून बोट फिरवत गेले. म्हणाले, "आमच्या जीपीचा पंखा पट्ट्यावर होता. इंजिन बंद, पंखा बंद. त्यानं मले असं वाटलं." प्रीतम म्हणाला, "बरोबरच हाये काका, तुमचं त्या हिशोबानं बरोबरच होतं." बॅटरीला मीटर लावून दाखवलं, पंखा मिनिट दोन मिनिटं फिरतो त्याने चांगल्या बॅटरीला काहीही होत नाही.

मग बाबांनी विचारलं, "अन् हा सेन्सर खोटं बोलला तं?"

मी वर पाहिलं. हा प्रश्न मला महिनाभरात सुचला नव्हता.

"बोलते ना," प्रीतम म्हणाला. "पाणी कमी झालं अन् तो कोरडा पडला, की आत आग लागली असली तरी सांगते थंड हाये. म्हणून पाणी पाहत जावं. रोज सकाळी, इंजिन थंड असताना."

येताना मी बाबांना सांगितलं, आजपासून पाणी पाहायचं काम तुमचं. आणि कपलरला हात लावला तर बोटं मोडीन. ते मान डोलावत म्हणाले, "हाव." रात्री दीड भाकर खाल्ली.

१२ मे

शेवटची ड्युटी. मी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. मॅडमना सांगून टाकलं, हे माझे सासरे, कपलर यांनी काढला होता. आधीच सांगितलेलं बरं. ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे. मी कुलदीपला जूनसाठी विचारलं होतं. तो म्हणाला, वहिनीची गाडी एक नंबर आहे, फक्त घरी एक मेकॅनिक जास्त झाला होता." मागच्या दोघी हसल्या. "सोळा जूनपासून या तुम्ही. वर्षभर."

म्हणजे काम मिळालं ते कुलदीपच्या शब्दावर! आता जन्मभर त्याच्या उपकारात राहायचं. मला आनंद झाला की राग आला ते मूर्तिजापूर येईपर्यंत कळलं नाही. मग आनंदच होता.

अकोल्यात त्याच सिग्नलवर थांबलो. काटा थोडा हलला. बाबा काट्याकडे वाकले. मग पुढून घर्र आवाज आला आणि काटा जागच्या जागी थांबला. बाबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

कॉलेजच्या गेटपाशी मी चाबी काढली. इंजिन बंद. पंखा फिरतच राहिला. मॅडम उतरल्या, बाबा उतरले आणि सवयीने बोनेटपाशी गेले. हात पुढे झाला. मी खिडकीतून पाहत होते, हाक मारणारच होते. त्यांनी हात मागे घेतला, मग दुसराही, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून तिथेच उभे राहिले. मॅडम पायरीवर थांबून पाहत होत्या. बाबांचं कोणाकडे लक्ष नव्हतं. पंखा थांबला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबला वं, दीपा. आपोआप."

मी ओरडले, "उन्हात काहून उभे राह्यले? टोपी कुठे हाये तुमची?" टोपी गाडीतच होती, सीटवर. एवढ्या उन्हात हा माणूस बोडक्या डोक्याने उभा राहतो! इतका राग आला मला.